जीभराव मेक्सिकन जेवायला गेले

कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात तिघं राहायची: जीभराव, त्यांची बायको आणि जीभ. एक मुलगी होती, ती लग्न होऊन सुटली. उरलेल्या तिघांत हुकूम एकीचाच चालायचा, आणि ती बायको नव्हती.

जीभराव हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हे. ते कॉलनीनं ठेवलं, चिडवायला म्हणून ठेवलं, आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. सॉस, सूप पावडर आणि चिप्सवर भुरभुरायचे मसाले करणाऱ्या कारखान्यात ते मुख्य चव-परीक्षक होते. त्यांनी चाखून होकार दिल्याशिवाय माल गाडीत चढत नसे. एका बंद खोलीत लाल दिव्याखाली ते बसत. लाल दिवा अशासाठी, की रंग बघून जीभ फसू नये. पुढ्यात कागदाचे चिमुकले कप, प्रत्येकावर तीन आकडी नंबर. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, बेसिनमध्ये थुंकायचा, कोमट पाण्यानं चूळ भरायची, बेचव बिस्किटाचा तुकडा चावायचा आणि नऊपैकी मार्क सांगायचे. एक म्हणजे गटारात ओता. नऊ म्हणजे काय ते कुणाला धड माहीत नव्हतं, कारण नऊ त्यांनी नोकरीत दोनदाच दिले होते.

त्यांची सगळ्यात लाडकी परीक्षा तीन कपांची. दोन कपांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं. ह्यात आपण एकदाही चुकलेलो नाही, असं ते सांगत, आणि पाहुण्याच्या हातातला चहा निवेपर्यंत सांगत.

आता दिवसभर चाखून थुंकून दमलेला माणूस घरी येऊन चार घास मुकाट गिळेल की नाही? छे! घरी तर जीभ मोकाट सुटे. पहिला घास, डोळे मिटलेले, बायको, म्हणजे कॉलनीच्या वहिनी, हात पुसत उभ्या, आणि मग निकाल.

"पाच. मीठ घाईत पडलंय."

"चार. फोडणी करताना लक्ष कुठं होतं?"

एकतीस वर्षं. रोज दोनदा, रविवारी तीनदा. वहिनींची कमाल मजल सहा. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून वहिनींसाठी आलेलं सूप जीभरावांनी चमचाभर चाखलं होतं. त्या पाणचट सुपाला त्यांनी सात दिले. बाळंतीण खाटेवरून ऐकत होती.

शिवाय जिभेचे नियम होते. घरात अत्तर नाही, वासाचा साबण नाही, पावडर नाही, केसात फूल नाही. कामाच्या दिवशी कच्चा कांदा नाही. ते घरात असताना तळण नाही. वहिनी वासाच्या तेलाची बाटली शेजारणीकडे ठेवत आणि माहेरी जाताना घेऊन जात. माहेरी चार दिवस घमघमून परत येताना बिचाऱ्या साध्या साबणानं तीनदा डोकं धूत असत. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "सवत परवडली, तिला निदान सर्दी तरी होते."

तर झालं असं की ती सर्दी ह्या सवतीलाही, म्हणजे जिभेलाही, झाली.

आठ महिन्यांपूर्वी जीभरावांना ताप आला. तीन दिवस अंथरुणात, चौथ्या दिवशी उठून कामावर. ताप गेला, तो जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. माणूस डॉक्टरकडे जातो, बायकोला सांगतो, निदान आरशापुढे जीभ काढून रडतो. हे काहीच बोलले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प बसले आणि मार्क देत राहिले.

वहिनींना कळलं ते एका बुधवारी. बरण्या शेजारी शेजारी, डोक्यात मुलीचा फोन. रश्श्यात त्यांनी मिठाच्या जागी साखर घातली, तीही मूठभर. स्वतःचा घास तोंडात गेला तेव्हा त्यांचं तोंड इतकं वाकडं झालं की बस. मनात म्हणाल्या, आज काही आपली धडगत नाही. समोर जीभराव. त्यांनी वहिनींच्या तोंडाकडे बघितलं, शांतपणे घास गिळला आणि म्हणाले,

"चार. मीठ जरा पुढे गेलंय."

वहिनी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. हसू येत होतं की रडू, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्सा अळणी केला आणि तोंड हसरं ठेवलं. "सहा," जीभराव म्हणाले. तिसऱ्या दिवशी तोच रस्सा, नीट मीठ घालून, पण तोंड पाडून. "तीन. काय गं, बरं नाही का तुला?" चौथ्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ, आणि तोंडावर असा भाव, की जसा काही अमृताचा पेला. तो खारट चहा वहिनींनीही निम्मा प्यायला, शोधासाठी माणसं काय काय सोसतात! जीभराव म्हणाले, "आज चहा जमलाय."

म्हणजे एकूण प्रकार असा: जीभराव चाखत नव्हते, वाचत होते. घरी बायकोचं तोंड, कारखान्यात हाताखालच्या बाईंचं. त्या बाईंचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक. आंबट म्हटलं की कपाळापर्यंत आठ्या. "आधी तुम्ही घ्या हो," असं म्हणून साहेब आपल्याला मान देतात, ह्या आनंदात त्या होत्या.

वहिनींनी कुणाला सांगितलं नाही. त्यांना भलतीच मौज सापडली होती. एकतीस वर्षं ज्या माणसानं ताटाकडे बघितलं, तो आता त्यांच्या तोंडाकडे बघत होता. घास घेतला की समोरचे दोन डोळे वर होत. भुवई उचलली की मार्क वर, ओठ दुमडले की मार्क खाली. पण हात असा आखडता, की आकडा सहाच्या वर काही केल्या जाईना. एकदा तर त्या डोळे मिटून, मान डोलवून, "अहाहा" म्हणाल्या. जीभराव म्हणाले, "सहा. स्वतःच्या हातचं स्वतः इतकं वाखाणू नये."

मग हाताखालच्या बाई मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने रजेवर गेल्या आणि उघडं पुस्तक मिटलं. त्यांच्या जागी आलेला माणूस ठोकळ्यासारखा, कडू दिलं तरी तोच चेहरा, गोड दिलं तरी तोच. जीभरावांनी अंदाजपंचे दाहोदरसे करून सूप पावडरचा एक घाणा पास केला. त्यात मीठ दुप्पट. दुकानांतून पाकिटं परत आली, पेट्याच्या पेट्या.

आणि नेमके निवृत्तीला दोन महिने राहिलेले. जीभरावांचं ठरलं होतं: निवृत्तीनंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून राहायचं, म्हणजे क्वार्टरही राहील. गावाकडे ना घर ना दार. मुलीच्या दीड खोल्यांत तिचे सासू-सासरे आधीच दाटीवाटीनं राहत होते. थोरले मालक असते तर सहीचाच प्रश्न होता. पण आता गादीवर धाकटे साहेब होते. ते फार हसत. जो मालक फार हसतो त्याच्यापासून चार हात लांब राहावं, हे कारखान्यातल्या मांजरालाही कळत होतं.

धाकटे साहेब हसत हसत म्हणाले, "काका, रविवारी दुपारी काकूंना घेऊन जेवायला या. मेक्सिकन. अर्धं जुन्या पद्धतीचं, अर्धं एकदम नव्या. तिथल्या शेफबाईंचा एक सॉस आपण पाकिटात आणतोय. तुम्ही चाखा, बोला, मग तिथंच तुमच्या कागदावर सही करून टाकू."

जीभरावांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी आल्यावर मात्र म्हणाले, "अगं, रविवारी जेवायला जायचंय. मेक्सिकन. तिखट असतं म्हणे भरपूर." आणि तिखट म्हणताना त्यांचा चेहरा उजळला. वहिनींच्या ध्यानात आलं: चव गेली तरी झोंबायचं राहिलेलं असणार. तेवढं तरी लागेल, ह्या आशेवर माणूस इस्त्रीचा सदरा काढत होता.

"मी काय करू तिथं येऊन?" वहिनींनी मुद्दामच विचारलं.

"नाही नाही, तू हवीसच. माझ्या समोर बस फक्त. शेजारी नको, समोर."

वहिनींनी त्या रात्री पुष्कळ विचार केला. दोन वर्षं. त्यांच्या ओट्यासमोरची खिडकी, गॅलरीतल्या कुंड्या, जिन्यावरच्या गप्पा. शेवटी ठरवलं, नेऊ तारून. एवीतेवी जन्म ह्यांच्या जिभेसाठी गेलाच आहे, तर एक दुपार आणखी. माहेरची साडी काढली आणि तेलाची बाटली मात्र शेजारणीकडेच राहू दिली.

हॉटेल म्हणजे बाहेरून नुसती मातकट भिंत आणि पाटी शोधावी लागेल इतकी लहान. महागाची हीच खूण. स्वस्त हॉटेलाची पाटी चौकातून दिसते. आत अर्धा काळोख, लाकडाचं लांबलचक टेबल, मेणबत्ती भर दुपारी. एका कोपऱ्यात दगडी पाटा-वरवंट्यासारखं काहीतरी, त्यावर एक बाई मका रगडत होती. दुसऱ्या कोपऱ्यात काचेची नळकांडी आणि धूर सोडणारी यंत्रं. वहिनींना वाटलं, एकीकडे स्वयंपाकघर, एकीकडे प्रयोगशाळा, आणि आपण रोगी.

धाकटे साहेब उठून उभे राहिले. "या काकू, या! काकांच्या जिभेवर आमचा कारखाना चालतो, आणि काकांची जीभ तुमच्यावर!"

"माझ्यावर कसली," वहिनी म्हणाल्या. "माझ्यावर तर ती नुसती चालते."

साहेब खो खो हसले. जीभरावांनी घसा खाकरला.

इथे मेनूकार्ड नव्हतं. शेफबाई पाठवतील ते नऊ प्रकार, त्या सांगतील त्या क्रमानं, आणि मध्ये उठायचं नाही. पहिला प्रकार आला: करंडीएवढ्या ताटलीत पैशाएवढी कुरकुरीत चकती, तिच्यावर लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी आणि हिरव्या मिरचीचा गडद रस. वहिनींनी तोंडात टाकली. आंबट, गार, मग मिरची अशी चढली की कानातून वाफ निघावी. मासळी मात्र गोड, ताजी. त्यांनी डोळे किंचित मोठे केले आणि मान डोलवली.

जीभराव बघत होते. मग त्यांनी आपली चकती खाल्ली, आणि एकदम थांबले. डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं. त्यांनी हातरुमाल काढला, पण चेहऱ्यावर जे होतं ते वहिनींनी लग्नाच्या फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं. आठ महिन्यांनी तोंडात काहीतरी घडलं होतं. वहिनींना क्षणभर त्यांची कीव आली. कीव वाईट, ती आली की माणूस मदत करतो.

"आठ," जीभराव म्हणाले. "मासळी ताजी आहे. लिंबू अंमळ मागे आहे, पण ते मुद्दाम ठेवलंय."

"वा!" साहेब म्हणाले.

दुसरी आली निळ्या मक्याची पोळी, टॉर्टिया म्हणतात तिला, आणि तिच्यात काळं काळं काहीतरी. शेफबाई स्वतः आल्या. उंच, हातावर भाजल्याचे डाग, बोलणं मऊ. म्हणाल्या, "कणसावर काळी बुरशी येते ना, तिचं सारण आहे. तिकडे फार जुना पदार्थ आहे हा, मानाचा."

"आमच्याकडे ती दिसली की कणीस फेकतात," वहिनी म्हणाल्या.

"सगळीकडेच फेकतात मॅडम. चव घ्यायचं धाडस कमी लोकांत असतं."

वहिनींनी धाडस केलं. ओल्या मातीसारखं, अळंब्यासारखं, खाली धुराची एक रेघ. अशी चव आपल्याला एवढ्या वयात नव्यानं कळावी ह्याचं त्यांना नवल वाटलं. त्यांच्या भुवया आपोआप उचलल्या गेल्या; ह्या वेळी ते जीभरावांसाठी नव्हतं. जीभरावांनी ते टिपलंच. "सात. मातकटपणा आहे, पण खानदानी." साहेबांनी शेफबाईंकडे बघितलं, शेफबाईंनी मान डोलवली. गाडी रुळावर होती. टेबलाच्या कडेला एक निळी फाइल होती, तिच्यात कागद. साहेबांनी पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं.

तिसरा, चौथा, पाचवा. वहिनी तोंड करत गेल्या, जीभराव वाचत गेले. नवरा-बायकोचं एवढं जमलेलं एकतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

सहाव्याला काचेचा गोल घुमट आला. तो उचलला तर नुसता धूर, आणि धूर विरल्यावर वाटीत पांढरा फेस. फेस! भांडी घासताना येतो तसा. शेफबाई म्हणाल्या, ही भाजलेल्या मक्याची नुसती चव आहे, मका काढून घेतलाय. वहिनींनी चमचा तोंडात घातला. चमच्यातून हवा निघाली, मागे मक्याची पुसट आठवण. बरं होतं, पण हे म्हणजे ताट वाढून माणूस उठवण्यासारखं. त्यांनी ओठ सरळ ठेवले. बरं आहे, एवढंच म्हणणारं तोंड.

पण जीभराव आता रंगात आले होते. पाच वेळा बरोबर आल्यावर माणसाला वाटतं, सहावं आपलं स्वतःचं. त्यांनी बायकोकडे बघितलंच नाही. फेस तोंडात घेतला, ज्यात झोंबणारं काही नव्हतं, चावायला काही नव्हतं, म्हणजे त्यांच्या लेखी त्यांनी चमचाभर काहीच खाल्लं नव्हतं. आणि डोळे मिटून, एक एक अक्षर सुटं करत ते म्हणाले,

"नऊ."

"नऊ?" साहेब ओरडलेच. "अहो, काका कुणाला नऊ देत नाहीत! काकू, तुम्हाला घरी किती मिळतात?"

जीभराव हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला. "घरी कसले मार्क साहेब! घरी मी जिभेला सुट्टी देतो. ही सहाच्या वर गेली नाही कधी. एकतीस वर्षांत बाईला मीठ कळलं नाही. आपण नुसतं पोट भरायचं, पोळीभाजीत कला शोधायची नाही."

साहेब हसले. शेफबाई हसल्या नाहीत, त्यांनी वहिनींच्या समोरची वाटी उचलली आणि नजर खाली ठेवली. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

वहिनीही हसल्या. पदर सारखा केला, पाण्याचा घोट घेतला. हवेला नऊ, त्यांच्या मनात आलं. हवेला.

"आता मुख्य," शेफबाई म्हणाल्या.

मुख्य म्हणजे मोले, तोच सॉस, जो पाकिटात भरायचा होता. वाळवलेल्या पाच जातीच्या मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायच्या, बिया, दाणे, सुका मेवा, मसाले, टोमॅटो, एक तुकडा कडू चॉकलेट, सगळं मिळून तीसेक जिन्नस. जुनी रीत अशी की ते दगडावर रगडायचं आणि तीन दिवस शिजवायचं. नवी रीत, यंत्रात फिरवून दाबाच्या भांड्यात चाळीस मिनिटं. कारखान्याला परवडेल ती नवी. पण पाकिटावर लिहायचं होतं की चव जुनीच.

नवरा-बायकोपुढे तीन-तीन वाट्या आल्या. तिन्हींत तोच काळा, चकचकीत रस.

"काका, तुमचीच परीक्षा," साहेब म्हणाले. आता ते हसत नव्हते. "दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी आहे ती दगडावरची, तीन दिवसांची. कुठली ते सांगा. नवी आणि जुनी तुम्हालाही ओळखू आली नाही, तर गिऱ्हाईकाला काय येणार, मग नवी बिनधास्त काढू. ओळखू आली, तर शेफबाईंना अजून सुधारायला सांगू. म्हणजे बघा, सगळं तुमच्या जिभेवर आहे. आणि काका, ते सूप पावडरचं झालं ना, त्यानंतर मला जरा खात्री हवीय. स्पष्ट बोलतो, रागावू नका."

"रागवायचं काय," जीभराव म्हणाले. कपाळावर घाम होता, तो मिरचीचा नव्हता. "आधी हिला घेऊ द्या. बायकांचा मान."

वहिनींनी पहिली वाटी चाखली. गोडसर, तिखट, गुळगुळीत. चांगली, एका दमात संपणारी. दुसरी, तीच. तिसरी.

तिसरी तोंडात गेली आणि वहिनी त्या टेबलावरून क्षणभर उठून गेल्या म्हणा ना. आधी धूर, मग कडू, मग गोड, मग कुठून तरी लवंग, आणि हे सगळं संपलं असं वाटावं तर तिखट मागच्या दारानं आत. कुणीतरी तीन दिवस ह्याच्याजवळ उभं राहिलं होतं. कुणीतरी ढवळलं होतं, चाखलं होतं, झाकण ठेवलं होतं, परत उघडलं होतं. चुकण्यासारखं त्यात काही नव्हतं. लहान पोरानंही ओळखलं असतं.

समोर जीभरावांचे डोळे होते. पाळलेल्या कुत्र्याचे असतात तसे. घासाकडे नव्हे, मालकिणीकडे लागलेले.

वहिनींनी तिसऱ्या वाटीवर चेहरा कोरा ठेवला. कोरा करकरीत. मग हात मागे नेला, पहिल्या वाटीतला आणखी एक चमचा घेतला, डोळे हलकेच मिटले, श्वास सोडला आणि मान अशी डोलवली, की अख्ख्या संसारात तशी कधी डोलली नसेल.

जीभरावांनी आपल्या तीन वाट्या क्रमानं चाखल्या. तिसरीपाशी ते थबकले. जीभ टाळूला घासली, परत घासली. कपाळाला आठी पडली. परत एक चमचा घेतला. मग मान वर करून त्यांनी बायकोकडे बघितलं. वहिनींच्या चेहऱ्यावर पहिल्या वाटीचं सुख अजून रेंगाळत होतं, त्यांनी ते जपून ठेवलं होतं.

"पहिली," जीभराव म्हणाले. एकदा बोलल्यावर ते थांबेनात. "पहिली, साहेब, शंभर टक्के. दगडाची गोष्टच वेगळी. यंत्राला ही खोली येत नाही. तीन दिवसांची शांतता आहे हिच्यात. तिसरी म्हणजे, माफ करा बाई, घाईघाईत उरकलेली वाटते."

दगडावर मका रगडणाऱ्या बाईचा आवाज तेवढा येत राहिला.

शेफबाईंनी हात पुसले. "सर, तिसरी माझ्या आईनं केलीय. ती आत आहे."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "काका, खरं सांगू? सकाळी मी माझ्या ड्रायव्हरला चाखवलं होतं. त्यानं तिसरी म्हणून सांगितलं, आणि तो तंबाखू खातो." मग त्यांचं हसू परत आलं. "किती दिवस झाले काका, चव जाऊन?"

जीभरावांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "आठ महिने," ते म्हणाले.

"सांगायचं ना मग. पेट्या परत आल्या नसत्या. असो. दोन महिने आता कामावर येऊ नका, घरी आराम करा. आणि क्वार्टरचं म्हणाल तर निवृत्तीच्या तारखेपर्यंत कुणी विचारायला येणार नाही. तारखेला किल्ली ऑफिसात द्या. काकू, तुम्ही जेवा हो, तुम्ही का थांबलात?"

निळी फाइल त्यांनी खुर्चीखाली ठेवली आणि फोन घ्यायला बाहेर गेले. शेफबाई आत गेल्या. टेबलाशी दोघंच उरली, आणि सहा वाट्या.

जीभरावांनी तिसरी वाटी जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "हिच्यात खरखर लागली होती मला. दगडाची. बारीक कण, टाळूला. चव नाही कळत, पण कण कळतात. मला वाटलं होतं तिसरीच."

"मग सांगायचं होतं."

"तुझं तोंड बघितलं." त्यांनी वाटी बाजूला सारली. "म्हटलं, तुला कळलं असेल."

"मला कळलंच होतं."

जीभरावांनी मान वर केली. आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडत होता. एक दिवा, मग शेजारचा, मग सगळी आळी. साखरेचा रस्सा, मिठाचा चहा, सहा, तीन, सहा.

"कधीपासून?"

"बुधवार होता," वहिनी म्हणाल्या.

"अगं पण घर जाईल! तुझंही जाईल! कळतंय का तुला, काय केलंस?"

कळत होतं. ओट्यासमोरची खिडकी कळत होती, कुंड्या कळत होत्या, मुलीच्या घरातला सासूच्या खाटेलगतचा कोपरा कळत होता. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी बाई मूर्ख, असं वहिनी स्वतःच कॉलनीत दहादा बोलल्या असतील. नाक कापताना किती बरं वाटतं हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या, कारण त्यांना आजवर माहीत नव्हतं.

"बाईला मीठ कळत नाही," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं कळतं."

जीभरावांनी उठायला खुर्ची मागे सारली. पण तेवढ्यात वाढणारा आठवा प्रकार घेऊन आला आणि अदबीनं म्हणाला, "सर, अजून दोन आहेत. मध्ये उठलं की शेफना वाईट वाटतं." जीभराव बसले. साहेब परत आले, बसले, आणि वहिनींना विचारू लागले: हे कसं वाटलं काकू, ते कसं वाटलं, आंबट जास्त आहे का, पाकिटात चालेल का. जीभरावांना कुणी काही विचारलं नाही. ते घास तोंडात ठेवत, चावत, गिळत. एकदा चुकून त्यांनी थुंकायला भांडं शोधलं आणि मग रुमाल तोंडाशी धरला.

वहिनी बोलत होत्या. साध्या शब्दांत, पण नेमकं. चिंच नको, लिंबू हवं. दालचिनी आहे पण उगीच आहे. साहेब मान डोलवत होते, लिहून घेत नव्हते; काकूंचं मत म्हणजे गंमत, तिला पगार थोडाच लागतो.

शेवटी गोड आलं. काळ्या दगडाच्या ताटलीत चॉकलेटचा मऊ गोळा, वर मिठाचे दोन कण आणि तिखटाची चिमूट. वहिनींनी पहिला घास घेतला आणि मत द्यायचं विसरल्या. दुसरा घेतला, तिसरा घेतला. त्यांचा गोळा संपला. जीभरावांची ताटली तशीच होती, चमचा शेजारी कोरडा.

"खाणार नाही?" वहिनींनी विचारलं.

"काय उपयोग," जीभराव म्हणाले.

"तेही खरंच," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ताटली आपल्याकडे ओढली आणि सावकाश, चमच्यानं ताटली खरडत, सगळं संपवलं.